झोपेचे सोंग

झोपलेल्याला जागे करता येते, झोपेचे सोंग घेतलेल्याला नाही, असे आपले पूर्वज सांगून गेले. पण पूर्वजांच्या घरी लॅपटॉप नव्हता. असता, तर त्यांनी या म्हणीला तिसरे कलम जोडले असते. खरोखरच झोपलेला, परंतु उठावे कसे तेच विसरलेला असाही एक प्राणी असतो, आणि त्याला जागे करता करता घरातले बाकीचे सगळे जागे राहतात.

या सदरातून वर्षभर मी वाचकांना आमच्या घरच्या भानगडी सांगत आलो आहे. दिवाळी अंकासाठी काहीतरी गोड लिहा, अशी संपादकांची सूचना आली, तेव्हा मी लॅपटॉपविषयी लिहिणार असे सौ.ला सांगितले. ती म्हणाली, "त्यात गोड ते काय?" मी म्हटले, "शेवट." ती हसली. तेव्हा शेवटापर्यंत वाचकांनी थोडा धीर धरावा.

हा लॅपटॉप आमच्या चिरंजीवांचा. २०१२ साली कॉलेजात जाताना घेतलेला. नोकरी लागून बंगळूरला जाताना त्याने तो आम्हांला वारसाहक्काने दिला. वारसा सहसा वरून खाली येतो, आमच्याकडे तो खालून वर आला. पुढे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी त्यातल्या विंडोज १० ची नियमित देखभाल थांबली, आणि नव्या विंडोजच्या अटींत आमचे बारा-तेरा वर्षांचे यंत्र बसेना. माणसाला साठाव्या वर्षी निवृत्त करतात, यंत्राला त्याच्या निम्म्याच्या निम्म्या वयात घरी पाठवतात.

शेजारची मुलगी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ती म्हणाली, "काका, भंगारात देऊ नका. लिनक्स घालून देते. पाच-सहा वर्षं आरामात चालेल." लिनक्स म्हणजे १९९१ साली हेलसिंकीच्या लिनुस टोर्वाल्ड्‌स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने हौसेखातर लिहायला घेतलेली आणि पुढे जगभरच्या हजारो माणसांनी हातभार लावून वाढवलेली प्रणाली. फुकट मिळते, हे ऐकताच मी होकार दिला. एका रविवारी तिने डेबियन घराण्यातले एक लिनक्स त्यात घातले आणि आमचे म्हातारे यंत्र खरोखरच तरतरीत दिसू लागले.

नेमके त्याच सुमारास आत्या आमच्याकडे राहायला आली.

आत्या आता ८५ वर्षांची आहे. दृष्टी अधू झाली आहे, वाणी मात्र शाबूत. १९६० साली लग्न होऊन ती पुण्यात नारायण पेठेतल्या एका वाड्यात गेली आणि पुढच्याच वर्षी, १२ जुलै १९६१ रोजी, पानशेतचे धरण फुटले. त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचे धरणही टिकले नाही आणि मुठा नदी पेठांमध्ये शिरली. त्या दिवसाविषयी आत्या कधी बोलत नसे. विचारले की "पाणी आलं, पाणी गेलं" एवढेच म्हणायची. पण आमच्याकडे आल्यावर एका दुपारी निवडायची मेथी बाजूला सारून ती सौ.ला म्हणाली, "सूनबाई, लिहून घेतेस का? नातवंडांना कळायला हवं."

सौ. लॅपटॉप घेऊन बसली. आता, लेखनिकाला घरची कामे असतात आणि सांगणाऱ्याला लहर असते. पाच ओळी झाल्या की कुकरची तिसरी शिट्टी व्हायची. दहा ओळी झाल्या की कुरियरवाला यायचा. सौ. झाकण मिटून उठायची, परत येऊन उघडायची. झाकण मिटले की यंत्र झोपते, उघडले की जिथल्या तिथे उठते, अशी तिची समजूत. समजूत रास्त होती. चिरंजीवांच्या काळात यंत्र तसे वागतही होते.

तिसऱ्या दिवशी आत्या अशा ठिकाणी आली, जिथे ती पूर्वी कुणापाशीच आली नव्हती. पाणी वाड्याच्या चौकात आले, तेव्हा तिच्या सासूबाई देवघरातून उठायला तयार नव्हत्या. वीस वर्षांची सून दारात उभी. तिने काय केले, काय बोलली, हे सारे आत्याने सलग सांगितले आणि सौ.ने सलग टिपले. मग दाराची घंटा वाजली. सौ.ने झाकण मिटले. परत येऊन उघडले, तर पडदा काळा. आतून पंखा घूं घूं करतो आहे, बटणावरचा दिवा लागलेला, पण पडद्यावर अमावास्या. शेवटी बटण दाबून धरून यंत्र बंद करावे लागले. सुरू झाले, तेव्हा आत्याची ती दुपार गेलेली होती. सौ. एका साध्या टिपणवहीच्या प्रोग्रॅममध्ये लिहीत होती. तो आपण होऊन काही जपून ठेवत नाही.

सौ. रडवेली झाली. "आत्याबाई, पुन्हा सांगाल?"

आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "असं मनातलं एकदाच बाहेर येतं गं." आणि मेथी निवडायला लागली.

त्यानंतर आठ दिवस पानशेतचे नाव घरात निघाले नाही. मी ठरवले, हे यंत्र आता आपण दुरुस्त करायचे. सेवानिवृत्त माणसाने असे काही ठरवले की घरात जी काळजी पसरते, ती आमच्याही घरात पसरली.

प्रथम झोप म्हणजे काय ते समजून घेतले. १९९६ च्या डिसेंबरात इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा या कंपन्यांनी मिळून यंत्रांच्या जागेपणाची आणि झोपेची एक नियमावली काढली. तिला एसीपीआय म्हणतात. तिच्यात इयत्ता आहेत. एस-० म्हणजे जागे. एस-३ म्हणजे गाढ झोप: बाकी सारे बंद, फक्त रॅम, म्हणजे यंत्राची चालू स्मरणशक्ती, थोड्याशा विजेवर तेवत ठेवायची. ही स्मरणशक्ती मोठी विसराळू असते. सेकंदात कित्येक वेळा उजळणी केली नाही, तर सगळे पाढे विसरते; म्हणून झोपेतही तिला वीज लागते. एस-४ म्हणजे स्मरणातले सारे तबकडीवर उतरवून पूर्ण बंद होणे. याला हायबरनेट म्हणतात. त्यात वीज लागत नाही, उठायला मात्र वेळ लागतो. आणि एस-५ म्हणजे सरळ बंद.

शेजारच्या मुलीने मला 'मेम-स्लीप' नावाची एक फाईल उघडून दाखवली. तीत दोनच शब्द होते आणि त्यांतल्या 'डीप' या शब्दाला चौकटी कंस होता. "काका, म्हणजे याला गाढ झोप येते. नव्या पुष्कळ लॅपटॉपांना ही सोयच नसते, ते नुसते डुलक्या काढतात. माझा नवा आहे, तो बॅगेत ठेवला की गरम होतो." म्हाताऱ्या यंत्राला तरुणापेक्षा गाढ झोप लागते, हे ऐकून मला वैयक्तिक समाधान वाटले.

"आता तो परत काळा पडला, की कॅप्सलॉकचं बटण दाबून बघा," ती म्हणाली. "दिवा लागला-विझला तर आतला जीव जागा आहे, फक्त पडदा उठलेला नाही. दिवा हललाच नाही तर सगळंच अडकलंय." वैद्य नाडी बघतो तसा हा प्रकार. मी झाकण मिटले, उघडले, नाडी बघितली. दिवा हलला नाही. सगळेच अडकले होते.

मग तिने एक युक्ती सांगितली, ती मला फार आवडली. लिनक्समध्ये झोपेची रंगीत तालीम घेता येते. 'पीएम-टेस्ट' नावाच्या फाईलीत तालमीची पायरी लिहायची आणि झोपेचा हुकूम द्यायचा; यंत्र तेवढ्याच पायरीपर्यंत जाते, पाच सेकंद डुलकी काढते आणि परत येते. पहिली पायरी 'फ्रीझर': चाललेले सारे प्रोग्रॅम गोठवायचे. दुसरी 'डिव्हायसेस': पडदा, आवाज, वायफाय, कॅमेरा ही मंडळीही निजवायची. त्यापुढे आणखी तीन पायऱ्या. ज्या पायरीवर पाय घसरेल, तिथे रोग.

पहिली तालीम उत्तम झाली. दुसरीत यंत्र गेले ते परत आलेच नाही. म्हणजे दोष कुठल्यातरी उपकरणाच्या सारथ्यात, ज्याला ड्रायव्हर म्हणतात त्याच्यात होता. लग्नाच्या पंगतीत कोणीतरी वाटी पळवावी आणि यजमानाने एकेकाला बाजूला घेऊन विचारावे, तसे आम्ही एकेक ड्रायव्हर बाजूला काढून तालीम घेतली. कॅमेऱ्याचा काढला, यंत्र अडकले. ब्लूटूथचा काढला, अडकले. वायफायचा काढला आणि पाच सेकंदांनी यंत्र डोळे उघडून समोर हजर! मी इतक्या जोराने "सापडला!" म्हणून ओरडलो, की आत्या आतून म्हणाली, "उंदीर का रे?"

चोर सापडला तरी त्याला घराबाहेर घालवता येत नव्हते, कारण वायफाय हवेच होते. उपाय असा, की निजण्यापूर्वी वायफायच्या ड्रायव्हरला बाहेर काढायचे आणि उठल्यावर पुन्हा आत घ्यायचे. त्यासाठी 'सिस्टिम-स्लीप' नावाचा एक फोल्डर असतो. त्यात चार-सहा ओळींचा हुकूमनामा लिहून ठेवला, की यंत्र निजताना 'प्री' आणि उठताना 'पोस्ट' असे शब्द त्याला ऐकवते. 'प्री' ऐकले की ड्रायव्हर काढ, 'पोस्ट' ऐकले की घाल. मी चष्मा पुसून स्वतः हुकूमनामा लिहिला. झाकण मिटले. उघडले. अमावास्या!

रात्री दहा वाजता मी शेजारचे दार वाजवले. मुलगी दात घासत बाहेर आली. तिने एका नजरेत ओळखले. "काका, फाईलला चालवायची परवानगी दिली नाहीत." माझ्या हुकूमनाम्यावर शिक्काच मारायचा राहिला होता! छत्तीस वर्षे सरकारी कचेरीत काढलेल्या माणसाकडून ही चूक व्हावी, याची खंत मला आजही आहे. शिक्का मारला. झाकण मिटले, उघडले. पडदा उजळला आणि घड्याळाचा काटा जिथे होता तिथून पुढे सरकला. त्या रात्री मी ते झाकण अकरा वेळा मिटले आणि अकरा वेळा उघडले. सौ. म्हणाली, "आता त्याला झोपू द्या आणि आम्हांलाही."

इथे हा लेख संपायला हरकत नव्हती. पण एका सकाळी पुन्हा पडदा काळा. या खेपेला पंखाही नाही, दिवाही नाही. आदल्या रात्री मिक्सर लावण्यासाठी कोणीतरी लॅपटॉपची पिन काढली होती. कोणी, ते मी लिहीत नाही. घरात मिक्सर एकच जण लावते. जुनी बॅटरी निजलेल्या यंत्राला जेमतेम तीन तास पुरली आणि उजळणी थांबल्याबरोबर स्मरणशक्ती कोरी. सौ. आता दर दोन ओळींनी मजकूर जतन करीत होती, म्हणून गेले काही नाही. तरीपण माझ्या लक्षात आले, की आमच्या यंत्राला एस-३ एकटे पुरणार नाही, एस-४ हवेच.

त्यासाठी तबकडीवर 'स्वॅप' नावाची राखीव जागा लागते. आमची रॅम ४ जीबी, स्वॅपही ४ जीबी. जागेची अडचण नव्हती. अडचण पत्त्याची होती. यंत्राला उठल्याउठल्या सांगावे लागते, की तुझी स्मृती अमुक ठिकाणी ठेवली आहे, तिथून उचल. हा पत्ता ३६ अक्षरांचा: ३२ आकडे-अक्षरे आणि मध्ये चार आडव्या रेघा. मुंबईतल्या चाळीचा पत्तासुद्धा इतका अवघड नसतो! तो 'ग्रब' या द्वारपालाच्या फाईलीत 'रिझ्यूम' या शब्दापुढे लिहायचा, डेबियन घराण्यात आणखी एका फाईलीत लिहायचा, आणि मग दोन हुकूम देऊन दोन्हींची नोंद पक्की करायची. शेजारच्या मुलीची परीक्षा होती. मी म्हटले, मी करीन.

सौ.ने पत्ता मोठ्याने वाचला, मी लिहून घेतला आणि सगळीकडे तोच टंकला. यंत्राला हायबरनेटचा हुकूम दिला. ते बंद झाले. पुन्हा सुरू केले, तेव्हा पडद्यावर एक इंग्रजी ओळ आली आणि बराच वेळ तशीच राहिली. तिचा मथितार्थ एवढाच, की झोपलेल्याचा ठिकाणा शोधून शोधून थकलो, आता नव्याने सुरुवात करतो. आणि कोऱ्या पाटीने यंत्र सुरू झाले.

"तुम्ही 'डी' लिहिलंत. मी 'बी' म्हटलं होतं," सौ. म्हणाली.

"तू 'डी' म्हणालीस."

लग्नाला ३८ वर्षे झालेल्या जोडप्यात असा वाद निकाली निघत नसतो. तो फक्त हायबरनेट होतो. मी निमूटपणे पत्ता सरळ यंत्रातूनच उतरवून चिकटवला. पुन्हा हुकूम दिला, प्लग काढला, एवढेच नव्हे तर बॅटरीही काढून टेबलावर ठेवली. चहा घेतला. बॅटरी बसवून बटण दाबले. अर्ध्या-पाऊण मिनिटाने, सगळ्या खिडक्या आणि सौ.च्या हिशोबाच्या वहीसकट, यंत्र होते तसे उभे!

शेवटी दोन्ही झोपांचे लग्न लावून दिले. लिनक्समध्ये तशी सोय आहे: झाकण मिटले की आधी एस-३, आणि ठरावीक वेळ कोणी उठवले नाही, तर यंत्र स्वतःच लावलेल्या गजराने क्षणभर जागे होऊन सारे तबकडीवर उतरवते आणि एस-४ मध्ये जाते. मी ती वेळ एक तास ठेवली. 'लॉगिन-डी' च्या फाईलीत झाकणाविषयीच्या ओळीआधी एक जाळीचे चिन्ह असते. ते पुसल्याशिवाय ती ओळ नुसती टीप राहते, हेही मी दोन तास घालवून शिकलो. आणि पडद्यावरच्या कारभाऱ्याकडे, म्हणजे डेस्कटॉपकडे, झाकणाविषयी निराळी नोंद असली, तर तो आपलेच खरे करतो. तिथेही तेच सांगावे लागले. एका घरात दोन कर्ते असले की दोघांची समजूत काढावी लागते, हे मला नव्याने शिकायचे नव्हते.

यंत्र सुधारले, पण आत्याचे काय? पानशेतच्या आधीचे आणि नंतरचे ती पुष्कळ सांगत होती. लग्नातला उखाणा, पुरानंतर शाळेत मिळालेला आसरा, वाळत घातलेली भिजकी पुस्तके. मधली ती दुपार मात्र रिकामीच. सौ.ने तिथे चार टिंबे देऊन ठेवली होती.

श्रावणातल्या एका दुपारी, कोणी काही न विचारता, आत्या म्हणाली, "घे लिहून." सौ.ने श्वाससुद्धा हळू घेतला असावा. चौकातले पाणी झाले, देवघरापर्यंत आले. "मी जिन्याच्या चौथ्या पायरीवर उभी होते आणि" एवढे झाले नि गॅसचा सिलिंडर आला. सौ.ने झाकण मिटले. सिलिंडरवाल्याशी सुट्या पैशांचा घोळ झाला आणि परत येऊन पाहते तो आत्याला डोळा लागलेला. संध्याकाळी पाहुणे आले. रात्री पुन्हा मिक्सर लागला, पुन्हा पिन निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या आपण होऊन खुर्चीत येऊन बसली. सौ.ने बटण दाबले. मी दारात उभा होतो. माझे हात गार पडले होते, हे कबूल करतो. पाऊण मिनिट गेले. पडदा उजळला. शेवटच्या शब्दापुढे ती लहानशी उभी रेघ लुकलुकत होती. सौ.ने वाचून दाखवले, "मी जिन्याच्या चौथ्या पायरीवर उभी होते आणि..."

आत्या क्षणभर थांबली. "अगं बाई, मी अजून तिथंच उभी आहे की!" ती म्हणाली, आणि पुढे सांगू लागली.

तिने सासूबाईंना दंड धरून देवघरातून ओढत जिन्यावर नेले होते. आयुष्यात एकदाच त्यांच्यावर ओरडली, एकदाच त्यांना एकेरीत बोलली. सासूबाई पुढे तेवीस वर्षे जगल्या. त्या गोष्टीचा उच्चार दोघींपैकी कोणीही कधी केला नाही. एवढे पहिल्या खेपेलाही सांगितले होते, असे सौ. म्हणते. पण या खेपेला आत्याने एक भर घातली. त्या रात्री शाळेच्या वर्गात, ओल्या फरशीवर, सासूबाईंनी स्वतःच्या अंगावरचे कोरडे लुगडे सोडून सुनेच्या अंगावर अर्धे पसरले होते. "हे मीच विसरले होते," आत्या म्हणाली. "काल झोपेत आठवलं."

एकेचाळीस पानांचे ते टिपण आता पुरे झाले आहे. भाऊबीजेला सगळी भावंडे आमच्याकडे जमणार आहेत, तेव्हा सौ. ते मोठ्याने वाचणार आहे. चिरंजीव बंगळूरहून येतो आहे. काल फोनवर त्याने विचारले, "बाबा, तुम्हांला नवा लॅपटॉप आणू का?"

मी नको म्हटले. आमचा जुनाच बरा आहे. आणि मिक्सरसाठी मी भिंतीवर दुसरा प्लग बसवून घेतला आहे.